प्रमोद साप ठेवतो कुठे?

पनवेलच्या बाजारात माझं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक येतं चष्म्यासाठी आणि बसून राहतं सापाच्या गोष्टींसाठी. त्यामुळे दुकानात फ्रेमपेक्षा किस्सेच जास्त साठलेत. जुन्या फ्रेमचा सेल तरी लावता येतो, किस्स्यांचं काय करायचं? बरं, सगळे खरे. पण त्यातला एखादा टीव्हीवर दिसला की तिथे हजर असूनही मला वाटायला लागतं, आपण बहुतेक दुसरीकडेच कुठेतरी होतो. म्हणून म्हटलं, मी पूर्ण खुळा व्हायच्या आत एकदा सांगून टाकावेत.

आमची मंडळी तीन. साप पकडतो तो प्रमोद, गव्हाणचा, बंदरात क्रेन चालवतो. दुसरे हनीफभाई. दुबईत उमेदीची वर्षं काढून आले आणि माझ्याच लायनीत क्रॉकरीचं दुकान टाकलं. त्यांच्याकडे गाडी आहे. तिसरा मी. मी साप पकडत नाही. मी फोन घेतो आणि पिशवी धरतो, तीही तोंड दुसरीकडे करून. हे मी येईल त्याला सांगतो, पण कोणी मानत नाही, कारण टीव्हीवर माझ्या नावाखाली ‘सर्पसम्राट’ असं लिहून आलं होतं.

*

तो टीव्हीचा प्रकार असा. खांदा कॉलनीत एका स्कूटरच्या डिकीत धामण शिरली होती. धामण म्हणजे अगदी सरळमार्गी साप, विष नाही की काही नाही, उंदीर खायचे आणि पडून राहायचं. प्रमोदने ती काढली, मी पिशवी धरली, झालं. तेवढ्यात एका न्यूज चॅनेलचा रिपोर्टर कॅमेरा घेऊन आला. त्याने पहिलंच विचारलं, किती विषारी आहे? प्रमोद म्हणाला, बिनविषारी. रिपोर्टरचा चेहरा एवढासा झाला. मग जरा आशेने त्याने विचारलं, "अजिबातच नाही का? थोडं तरी?"

रात्रीच्या बातम्यांत आम्ही लागलो. ‘पनवेलमध्ये जहरी नागाचं थैमान.’ आमची धामण दोन सेकंद दिसली, मग कुठल्या तरी वाळवंटातला भलताच साप आला, आणि त्याची शेपटी खुळखुळ्यासारखी वाजत होती. हनीफभाई टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बघत राहिले. म्हणाले, यार, मी गाडीत शेजारी घेऊन बसलो होतो, तेव्हा ही वाजत नव्हती.

प्रमोदच्या नावाखाली ‘सापांचा कर्दनकाळ’ लिहिलं होतं. आम्ही सर्पमित्र. मित्राचा कर्दनकाळ कसा होतो ते मला अजून समजलेलं नाही. पण खरा घोळ पुढे होता. रिपोर्टरने विचारलं होतं की पकडलेला साप कुठे ठेवता. प्रमोद म्हणाला होता, "घरी ठेवतो, पिशवीत, फॉरेस्टवाले येईपर्यंत. मग त्यांच्यासोबत जाऊन जंगलात सोडतो. साप पाळणं गुन्हा हाय." सरळ उत्तर. टीव्हीवर त्यातले दोनच शब्द आले.

"घरी ठेवतो."

आणि प्रमोदचं त्या वर्षी लग्न जमवायचं चाललं होतं.

*

आता सांगतो, प्रमोदसारखा मुलगा शोधून सापडायचा नाही. नोकरी पक्की, घर स्वतःचं, व्यसन म्हणून नाही. घरात माणसं दोन, तो आणि त्याची आई हिराकाकी. वडील लहानपणीच गेले. काकींनी मासळी विकून त्याला शिकवलं. त्यांना आता एकच लागून राहिलं होतं, डोळ्यांदेखत सून यावी.

बातमीनंतर पहिलं स्थळ उरणकडून आलं. मुलीचे काका घर बघायला आले. मुलाला कोणी काही विचारलंच नाही. काका आल्यापासून जमिनीकडे बघत होते. सोफ्यावर बसायच्या आधी त्यांनी गादी उचलून बघितली. बसले ते पाय वर घेऊन. मग हात धुवायला म्हणून मोरीत गेले, तिथे वॉशिंग मशीनचा पाईप होता, तो बघून जे बाहेर आले ते थेट चपला घालायला गेले.

दोन दिवसांनी निरोप आला. मुलगा पसंत आहे, पण आम्हाला मुलगी मोठ्या कुटुंबात द्यायची नाही.

काकी बिचाऱ्या घरात एकट्याच बसून विचार करत होत्या, मोठं कुटुंब म्हणजे नेमकं कोण?

*

दुसरं स्थळ मोऱ्याच्या बाजूचं. ते मोडलं त्यात टीव्हीचा दोष नाही, तो आमचा आम्हीच घातलेला गोंधळ.

आम्ही फोनवर कधी ‘साप’ म्हणत नाही. सोसायटीत तो शब्द कानावर पडला की लोक काठ्या घेऊन धावतात. म्हणून आमच्यात सापाला ‘पाहुणा’ म्हणतात. पाहुणा आलाय, पाहुणा गेला, पाहुणा पिशवीत आहे. काकींनाही हे माहीत होतं, पण एवढं कोण लक्षात ठेवतं. एका रविवारी त्यांचा फोन आला.

"भाऊ, पावणे आलेत. पम्या ड्युटीवर हाय, फोन उचलत नाय."

मी म्हटलं घाबरू नका, कुठे बसलाय? म्हणाल्या, हॉलमधी, पंख्याखाली. एकच आहे ना? नाय, चार हायत. माझ्या हातातून स्क्रू ड्रायव्हर पडला. चार साप, एका खोलीत! मी विचारलं रंग कसा. काकी आवाज बारीक करून म्हणाल्या, एक जरा काळाच हाय, पण बाकीचे बरे हायत. लांबीला? त्यावर म्हणाल्या, एक लय उंच हाय, उबा राहिला तर चौकटीला डोकं टेकतं.

हा नाग फणा काढून उभा आहे हे मला स्पष्ट दिसलं. मी सांगितलं, "काकी, कोणी जवळ जाऊ नका. तुम्ही बाहेर या आणि दाराला बाहेरून कडी घाला. नाहीतर पळून जातील."

काकी म्हणाल्या, "ते बी खरं हाय. मागचे पलालेच तसे." आणि त्यांनी कडी घातली.

आम्ही गव्हाणला पोचलो तेव्हा आतून दार वाजत होतं. हनीफभाई गमबूट घालून, हातात साप धरायचा आकडा घेऊन पुढे, मी पिशवी उघडून मागे. दार उघडलं. समोर मुलीचे वडील, मामा, आत्या आणि एक खरोखर उंच असे थोरले काका. मी पिशवी तशीच धरून उभा. उंच काकांनी विचारलं, ही कशाला? माझ्या तोंडून खरं तेच निघालं. म्हटलं, तुम्हाला न्यायला.

त्यांचा निरोप मध्यस्थाकडून आला. पोराचं काही वाकडं नाही, म्हणे, पण त्याच्या दोस्तांना कोणाला तरी दाखवून घ्या.

*

यानंतर प्रमोद गप्प गप्प राहायला लागला. कॉल आला की जायचा, साप पकडायचा, सोडायचा, पण बोलायचा नाही. मला ते बघवेना. हनीफभाईंना तर आपल्यामुळे पोराचं वाटोळं झालं असं वाटायला लागलं. त्यांनी ठरवलं, जिथे बदनामी झाली तिथेच साफ करायची. नागपंचमीच्या आसपास चॅनेलवाल्यांनी चर्चेला कोणी माणूस आहे का विचारलं, तर हनीफभाई इस्त्रीचा सूट घालून, अत्तर लावून स्टुडिओत गेले. आम्ही सगळे दुकानात टीव्ही लावून बसलो.

चर्चेत एक महाराज होते, एक ज्योतिषी होते आणि एक बाई होत्या ज्या नुसत्या मान हलवत होत्या. अँकरने हनीफभाईंना विचारलं, नाग बदला घेतो का?

हनीफभाई अदबीने म्हणाले, "साहेब, बदला घ्यायला माणूस लक्षात राहावा लागतो. त्याला कुठे काय लक्षात राहतं?"

अँकर लगेच कॅमेऱ्याकडे वळला. "म्हणजे प्रेक्षकहो, हा नाग आता निरपराध लोकांनाही मारू शकतो!"

हनीफभाईंनी दोनदा तोंड उघडलं, दोनदा महाराज बोलले. शेवटी ब्रेकच्या तोंडावर त्यांना वेळ मिळाला. ते जवळजवळ उभेच राहिले आणि म्हणाले, अल्लाची कसम, गव्हाणचा प्रमोद घरी साप ठेवत नाही. आम्ही दुकानात टाळ्या वाजवल्या. प्रमोदसुद्धा खूप दिवसांनी हसला.

तेवढ्यात खाली लाल पट्टी सुरू झाली.

‘घरी नाही, तर प्रमोद साप ठेवतो कुठे?’

ती पट्टी संध्याकाळपर्यंत फिरत होती. हनीफभाई परत आले ते सूट न बदलता दुकानात बसून राहिले. मला म्हणाले, मी तिथे गेलो होतो ना, तू बघितलंस ना मला?

*

टीव्हीचं वेड सर्वांत जास्त कोणाला, तर हिराकाकींना. त्यांची नागिणीची मालिका चुकायची नाही. त्यात एक नागीण आहे, ती दिवसा सून असते आणि घरातल्यांचा एकेक करून निकाल लावते. तरी काकींचा जीव तिच्यावर. घरात पाल दिसली तरी ओरडणारी ही बाई नागिणीला सासू बोलली की पदराने डोळे पुसते.

एकदा प्रमोद ड्युटीवरून आला तर चूल थंड. त्याला वाटलं आईला बरं नाही. काकी भिंतीला टेकून बसलेल्या. म्हणाल्या, नागीन गेली रे आज. प्रमोदने विचारलं, मग जेवण? त्या म्हणाल्या, आजच्या दिवशी घास उतरंल का कोणाच्या गळ्याखाली?

पोराने वडापाव आणून खाल्ला. दुसऱ्या दिवशी नागीण परत आली, दुसऱ्या साडीत.

आणि याच काकी प्रमोद पिशवी घेऊन आला की पिशवीला लांबून विचारायच्या, बाईमानूस नाय ना आत? प्रमोद चिडायचा. मी मात्र चिडू शकलो नाही. कारण एकदा घोणस पकडली होती, पिशवी माझ्या हातात होती, आणि आतून फुत्कार आला तेव्हा मी ‘सॉरी ताई’ म्हणालो होतो.

*

मग वैशाली आली.

नेऱ्याची मुलगी, पनवेलला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. स्थळ तिने स्वतः सुचवलं होतं. वर्षभरापूर्वी त्यांच्या पेंढ्यात घोणस निघाली होती. तेव्हा प्रमोदने ती पकडली होती, आणि ही तिथे उभी होती. आम्हाला कोणालाच ती आठवेना. साप आठवत होता.

बघायला म्हणून दोन्हीकडची माणसं बसली. मी आणि हनीफभाई मुद्दाम कोपऱ्यात, हात रिकामे दिसतील असे बसलो. वैशालीच्या वडिलांनी विचारलं, बाई, विचार केलास ना? हा माणूस सापात हात घालतो.

ती म्हणाली, "मी बघितलंय त्यांना. हात थरथरत होते. टीव्हीवरच्या लोकांचे कधी थरथरत नाहीत, म्हणून मला ते खोटे वाटतात. हे खरे वाटले. माझी तयारी आहे."

प्रमोदच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बाहेर आल्यावर त्याने माझा हात धरला. हा मुलगा स्वतःसाठी कधी काही मागत नाही. म्हणाला, "भाऊ, ही नको जायला."

जाईल कशी, मी म्हटलं. ती हो म्हणाली, तिचे वडील हो म्हणाले. आता नाही म्हणायला उरलं कोण?

हिराकाकी.

*

काकींचं म्हणणं असं. इतक्या पोरी बघितल्या, एकेक साप म्हटल्याबरोबर पळाली, मग हीच कशी पळाली नाही? सापाला भ्यायली नाही. स्वतःहून मागणी घातली. डोळे घारे. आणि मुख्य म्हणजे पहिल्यांदा भेटली कुठे, तर सापाजवळ. मालिकेत नागीण अशीच आली होती.

आम्ही दोघांनी परोपरीने सांगितलं. हनीफभाई म्हणाले, काकी, ती लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. हे त्यांनी सांगायला नको होतं. काकी म्हणाल्या, बगा, रक्त बी काढते.

प्रमोद त्या आठवड्यात जेवला किती हे देवाला माहीत. दोनदा क्रेनवरून फोन करून विचारलं, आई काही म्हणाली का. मला त्याची इतकी दया आली की मी त्या मालिकेचे भाग स्वतः बघितले, काही सापडतंय का म्हणून. खरं सांगतो, तिसऱ्या भागानंतर मलाही वैशालीचे डोळे जरा जास्तच घारे वाटायला लागले.

शेवटी काकी एका अटीवर तयार झाल्या. मुलीला एकदा घरी बोलवा, मना बगायचंय. काय बघायचंय ते सांगेनात. त्यानंतर हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही, मग कोणी एक शब्द बोलायचा नाही. प्रमोद कबूल झाला. दुसरं करणार काय?

वैशाली आणि तिचे वडील दुपारी आले. काकींनी सगळ्यांना चहा दिला. वैशालीच्या पुढे मात्र मोठा पेला ठेवला, काठोकाठ दुधाने भरलेला. आणि समोर उभ्या राहिल्या.

नागीण दूध बघितल्यावर राहू शकत नाही. मालिकेत तिची ओळख अशीच पटली होती.

वैशालीने पेल्याकडे बघितलं, मग काकींकडे. ओशाळून म्हणाली, "आई, रागावू नका. मला दूध चालत नाही. लहानपणापासून एक घोट गेला तरी पोटात ढवळतं."

काकींचा चेहरा असा काही उजळला. त्यांनी तो पेला उचलला आणि आम्हाला तिघांना आत स्वयंपाकघरात बोलावलं. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाल्या, "मानूस हाय रे पोरगी. मी उगाच पाप घेतलं डोक्यावर. साखरपुड्याची तारीख धरा."

प्रमोदने भिंतीला पाठ टेकली. हनीफभाई डोळे मिटून काहीतरी पुटपुटले.

आणि पेला ओट्यावर ठेवता ठेवता काकींचा हात थांबला. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही शाळांत, मंडळांत, जिथे बोलावतील तिथे माहिती द्यायला जातो. तिथे प्रमोदचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. साप दूध पीत नाही. टीव्हीवर दाखवतात ते खोटं आहे. पाजलं तर बिचारा मरतो. या एका वाक्यावरून तो गावातल्या लोकांशी भांडलाय, गारुड्यांशी भांडलाय, सख्ख्या मामाशी त्याचं बोलणं बंद आहे. काकींनी हे वाक्य मंडळाच्या स्टेजसमोर पहिल्या रांगेत बसून ऐकलंय.

काकी वळल्या त्या माझ्याकडे. "भाऊ, पम्या तर सगलीकडं सांगतो, साप दूध पीतच नाय. आनि ही बी पीत नाय."

मी चष्मा काढला.

"मंग खरं काय ते सांग. साप दूध पितो का नाय?"

मी चष्मा पुसायला घेतला. पीत नाही म्हटलं तर मुलगी जाते. पितो म्हटलं तर... मी पुसतच राहिलो. काकींनी हनीफभाईंकडे बघितलं. हनीफभाई म्हणाले की ते अल्लालाच माहीत, आणि पाणी प्यायला माठाकडे गेले. बाहेर हॉलमध्ये वैशालीचे वडील घड्याळ बघत असावेत, खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

काकींनी मग पोराकडे बघितलं. प्रमोदने भिंतीवरची पाठ काढली. आधी माझ्याकडे बघितलं, मग ओट्यावरच्या पेल्याकडे, मग दाराच्या फटीतून बाहेर बसलेल्या वैशालीकडे.

"पितो, आये," तो म्हणाला. "पेलाभर पितो. टीवीवर दाखवतात तसाच."

काकींनी सुस्कारा सोडला, पदराने तोंड पुसलं आणि बाहेर जायला निघाल्या. दारात थांबून त्यांनी मागे वळून बघितलं.

"मंग इतकी वर्सं लोकांना नाय नाय सांगत कशाला फिरलास रे?"